‘लिंक गेलीय’ म्हणजे नेमकं काय गेलेलं असतं?

बँकेच्या काउंटरवर पासबुक पुढे सरकवलं की कधी कधी ते तसंच परत येतं. “लिंक गेलीय, दुपारनंतर या.” पोस्टात, नोंदणी कार्यालयात, पतपेढीत हेच वाक्य ऐकू येतं. रांगेतल्या माणसाला वाटतं, सर्व्हर बंद पडला असेल. पुष्कळदा सर्व्हर ठणठणीत असतो. तुटलेला असतो तो शाखा आणि सर्व्हर यांच्यामधला एखादा तुकडा. तो कोणता, याचा बराचसा सुगावा शाखेच्या कोपऱ्यातल्या कपाटात बसलेल्या राऊटरला आधीच लागलेला असतो. पण तो काय सांगतोय ते कोणी वाचत नाही. प्लग काढतात, दहा मोजतात, पुन्हा लावतात.

ते वाचायचं कसं, हे सांगण्यासाठी हा लेख. उदाहरण जुन्या सिरियल लाइनचं घेतलंय, कारण तिथे प्रत्येक भाग सुटा दिसतो, हाताला लागतो आणि वेगळा तपासता येतो.

## शाखेपासून सर्व्हरपर्यंत

एका इमारतीतले संगणक जोडायला स्वतःची केबल पुरते. पण दादरची शाखा आणि फोर्टचं मुख्य कार्यालय जोडायचं तर मध्ये रस्ते, रेल्वेचे रूळ आणि इतरांच्या इमारती येतात. तिथे टेलिकॉम कंपनीची लाइन भाड्याने घ्यावी लागते. अशा लांबच्या जोडणीला वॅन म्हणतात, आणि चोवीस तास फक्त आपल्यासाठी राखून ठेवलेल्या लाइनला लीज्ड लाइन.

राऊटरच्या ज्या तोंडाला ही लाइन लागते तो सिरियल इंटरफेस. यात बिट, म्हणजे संगणकाचे शून्य आणि एक, एकामागून एक, एकाच रांगेत जातात. राऊटरमधून एक जाड केबल निघते. तिच्या दुसऱ्या टोकाला ३४ पिनांचा, दोन स्क्रूंनी आवळायचा चौकोनी कनेक्टर असतो. त्याला व्ही-३५ म्हणतात. तो मॉडेममध्ये, म्हणजे राऊटरचे बिट लांबच्या तारेवर पाठवण्याजोग्या संकेतात बदलणाऱ्या डब्यात, बसतो. मॉडेममधून तांब्याच्या तारांची जोडी निघून भिंतीवरच्या डब्यात येते. तिथून ती फुटपाथखालच्या चेंबरमधून टेलिफोन एक्स्चेंजला, तिथून दुसऱ्या एक्स्चेंजला, आणि पुढे हाच क्रम उलटा होऊन फोर्टच्या राऊटरपर्यंत पोहोचते. मुंबईत हा शेवटचा तांब्याचा टप्पा वर्षानुवर्षं टेलिफोनच्याच केबलमधून जात आला. फोनची खरखर ज्या जॉइंटमुळे व्हायची, त्याच जॉइंटमुळे लीज्ड लाइनही कुरकुरायची.

लाइनचा वेग ६४ केबीपीएसच्या पटीत मोजतात. केबीपीएस म्हणजे सेकंदाला हजार बिट, एमबीपीएस म्हणजे सेकंदाला दहा लाख. अशा ३२ वाहिन्या एकत्र केल्या की भारतात आणि युरोपात वापरतात ती ई-१ लाइन होते. तिचा वेग २.०४८ एमबीपीएस. त्यातली शून्य क्रमांकाची वाहिनी दोन्ही टोकांचा मेळ राखण्यासाठी वापरली जाते. अमेरिकेत याच जागी २४ वाहिन्यांची, १.५४४ एमबीपीएसची लाइन असते. हा १.५४४ आकडा लक्षात ठेवा. मुंबईतल्या राऊटरमध्येही तो गुपचूप बसलेला असतो आणि गोंधळ घालतो.

आता मोजा: दोन राऊटर, दोन केबली, दोन मॉडेम, तांब्याचे दोन टप्पे आणि टेलिकॉम कंपनीचा मधला भाग. या नऊही गोष्टींना मिळून आपण एका शब्दात ‘लिंक’ म्हणतो. म्हणून ‘लिंक गेलीय’ या तक्रारीतून दुरुस्ती करणाऱ्याला काहीच कळत नाही.

## ठेका कोणी धरायचा

सिरियल लाइनवर एक बिट कुठे संपला आणि पुढचा कुठे सुरू झाला, हे घेणाऱ्याला कळायला हवं. त्यासाठी डेटाबरोबर एक ठराविक लयीतला संकेत चालू असतो. त्याला क्लॉक म्हणतात. सकाळच्या विरार लोकलमध्ये भजनी मंडळ रंगलेलं असतं, तेव्हा ठेका एकाच्या हातात असतो आणि टाळ वाजवणारे बाकीचे त्याच्या मागून जातात. दोघांनी आपापला ठेका धरला तर दोघंही चांगले वाजवत असून भजन फिसकटतं. क्लॉकचंही तसंच.

राऊटर आणि मॉडेमच्या जोडीत ठेका मॉडेमचा असतो. क्लॉक देणाऱ्या बाजूला डीसीई म्हणतात, घेणाऱ्या बाजूला डीटीई. कोणती बाजू कोणती हे केबलच्या बांधणीवर ठरतं, म्हणून चुकीची केबल लावली की बाकी सगळं बरोबर असूनही लाइन उठत नाही. प्रशिक्षण वर्गात दोन राऊटर मॉडेमशिवाय थेट जोडतात. तिथे मॉडेमच नसल्यामुळे एका राऊटरला डीसीई व्हावं लागतं आणि त्यावर ‘क्लॉक रेट ६४०००’ अशी आज्ञा द्यावी लागते. वर्गात शिकलेली मुलं प्रत्यक्ष साइटवरही हीच आज्ञा टाकायला जातात. तिथे ती लागत नाही, राऊटर डीटीई असेल तर तो ती स्वीकारतही नाही.

खरी खोडी दोन मॉडेमच्या मध्ये होते. दोन्ही मॉडेम ‘इंटर्नल क्लॉक’वर ठेवले तर दोन ठेके चालू होतात. ई-१च्या क्लॉकला दहा लाखात पन्नासपर्यंत फरक चालतो. एवढासा फरक म्हणजेसुद्धा दर सेकंदाला सुमारे १०० बिटांची घसरण. लाइन चालू दिसते, थोडा वेळ काम होतं, मग अडखळते, पुन्हा चालते. अशी ठराविक अंतराने अडखळणारी लाइन दिसली की तार तपासण्याआधी क्लॉक कोण देतंय ते विचारावं. एका मॉडेमला लाइनवरून येणारा ठेका घ्यायला लावलं की दुखणं थांबतं.

## राऊटरला काय काय सांगायचं

कॉन्फिगरेशन या शब्दाने घाबरायला होतं, पण सिरियल इंटरफेसचं कॉन्फिगरेशन पाच-सहा ओळींचंच असतं.

पहिली गोष्ट पत्ता. दोन टोकांच्या लाइनला दोनच आयपी पत्ते लागतात, म्हणून ‘/३०’ आकाराचा छोटा गट घेतात. त्यात वापरण्याजोगे बरोबर दोन पत्ते असतात. दादरला १०.१.१.१ आणि फोर्टला १०.१.१.२, असे.

दुसरी गोष्ट बिटांची बांधणी, म्हणजे एन्कॅप्सुलेशन. डेटाचे गठ्ठे कसे बांधायचे याची ही पद्धत. दोन्ही टोकांना ती एकच हवी. सिस्कोच्या राऊटरवर काहीच सांगितलं नाही तर एचडीएलसी असते, पण ती सिस्कोची स्वतःची आवृत्ती. पलीकडे दुसऱ्या कंपनीचा राऊटर असेल तर दोन्हीकडे पीपीपी ठेवावी. ती सगळ्यांना समजते, आणि तिच्यात समोरच्याची ओळख पटवून घेण्याची सोय असते. त्या सोयीचं नाव चॅप. चॅपमध्ये पासवर्ड लाइनवरून जातच नाही, त्याच्यापासून काढलेलं एक उत्तर जातं. इथे हमखास होणारी चूक म्हणजे नाव. समोरच्या राऊटरचं जे नाव असेल तेच आपल्या राऊटरवर वापरकर्ता म्हणून लिहायचं असतं, आणि पासवर्ड दोन्हीकडे अक्षरशः सारखा हवा, लहान-मोठ्या लिपीसकट.

मग ‘डिस्क्रिप्शन’. राऊटरच्या दृष्टीने या ओळीला अर्थ नाही, पण मी हिच्याबाबत फार आग्रही आहे. लाइनचा सर्किट नंबर, पलीकडची शाखा आणि तक्रार नोंदवायचा क्रमांक तिथे लिहून ठेवा. मॉडेमवरचा स्टिकर दोन पावसाळ्यांत पुसला जातो. हे लिहिलेलं टिकतं.

शेवटी ‘नो शटडाऊन’, कारण राऊटरवर हे इंटरफेस मुळात बंद असतात आणि हाताने चालू करावे लागतात. आणि त्यानंतर सेव्ह. सेव्ह न केलेलं कॉन्फिगरेशन वीज गेली की जातं. मग सोमवारी सकाळी शाखेचा फोन येतो की शुक्रवारपर्यंत सगळं नीट चाललं होतं.

## दोन शब्दांत निदान

‘शो इंटरफेसेस सिरियल’ ही आज्ञा दिली की पहिल्याच ओळीत दोन गोष्टी दिसतात: इंटरफेस अप आहे की डाऊन, आणि लाइन प्रोटोकॉल अप आहे की डाऊन. शब्दरचना सिस्कोची आहे. इतर कंपन्यांच्या राऊटरवर ती वेगळी असेल, अर्थ तोच.

पहिला शब्द तारेबद्दल आहे. मॉडेमकडून ‘समोर वाहक आहे’ असा संकेत येतो का, एवढंच त्यात कळतं. त्या संकेताला डीसीडी म्हणतात, आणि याच आज्ञेच्या अगदी शेवटच्या ओळीत डीसीडी, डीएसआर, डीटीआर, आरटीएस, सीटीएस असे पाच संकेत अप किंवा डाऊन लिहिलेले असतात. दुसरा शब्द संवादाबद्दल आहे. दोन्ही राऊटर दर १० सेकंदांनी एकमेकांना ‘आहे ना?’ असा छोटा निरोप पाठवतात. याला कीपअलाइव्ह म्हणतात. लागोपाठ तीन निरोप हुकले की राऊटर लाइन प्रोटोकॉल डाऊन दाखवतो.

आता जोड्या लावा.

दोन्ही डाऊन: मॉडेमकडून संकेतच येत नाही. मॉडेम बंद आहे, व्ही-३५ कनेक्टर सैल आहे, केबल चुकीची आहे किंवा पलीकडे टेलिकॉमची लाइन मेली आहे. इथे कॉन्फिगरेशन उघडून बसण्यात अर्थ नाही. आधी वाकून कनेक्टर बघा. झाडलोट करताना कपाट हललं आणि एकाच बाजूचा स्क्रू आवळलेला असेल, तर तो तिरपा होऊन अर्धवट बाहेर येतो. लांबून बघितलं तर लावलेलाच दिसतो. ‘शो कंट्रोलर्स’ ही आज्ञा केबल कोणत्या जातीची आहे, डीटीई की डीसीई, की लागलेलीच नाही, हे सांगते. म्हणजे अंधेरीत बसून दादरच्या कपाटातली केबल ओळखता येते.

पहिला अप, दुसरा डाऊन: तार शाबूत, संवाद तुटलेला. एन्कॅप्सुलेशन जुळत नाही, चॅपचा पासवर्ड चुकलाय, क्लॉक बिघडलंय, किंवा पलीकडचा राऊटरच बंद आहे. ‘सर, आमच्याकडून लिंक अप दिसतेय, तुमचा राऊटर बघा’ हे हेल्पडेस्कचं वाक्य बहुधा याच स्थितीत ऐकू येतं, आणि त्यांचं म्हणणं बरोबरही असू शकतं.

‘अॅडमिनिस्ट्रेटिव्हली डाऊन’: कोणीतरी मुद्दाम बंद केलंय किंवा नो शटडाऊन द्यायचं राहिलंय.

अप, आणि पुढे ‘लूप्ड’: राऊटर बोलतोय, पण स्वतःशीच. वाटेत कुठेतरी लाइन वळवून परत पाठवली आहे. दुरुस्तीला आलेल्या माणसाने तपासणीसाठी लूप टाकला आणि काढायचं राहिलं, तर हे दिसतं.

## लाइन चालू आहे, पण धड नाही

पूर्ण तुटलेली लाइन शोधणं तुलनेने सोपं. त्रास देते ती अधूनमधून हुकणारी. तिच्यासाठी त्याच आज्ञेत खाली आकडे असतात. सीआरसी म्हणजे पोहोचलेल्या गठ्ठ्याची बेरीज जुळली नाही, म्हणजे वाटेत बिट बदलले. कॅरियर ट्रान्झिशन्स म्हणजे मॉडेमचा संकेत किती वेळा गेला-आला. हा आकडा वाढत असेल तर बोट तांब्याच्या टप्प्याकडे किंवा मॉडेमच्या विजेकडे दाखवावं. ‘रिलायबिलिटी’ २५५ पैकी मोजतात. २५५ असेल तर गेल्या पाच मिनिटांत त्रास नाही.

हे आकडे राऊटर चालू झाल्यापासून साठत असतात. त्यामुळे सीआरसी ४,००० दिसले तर ते आजचे की सहा महिन्यांपूर्वीचे, कळत नाही. म्हणून आधी ‘क्लिअर काउंटर्स’ द्यायचं, तासाभराने बघायचं, आणि वेळ लिहून ठेवायची. एकूण रहदारीच्या एक टक्क्याहून जास्त चुका असतील तर लाइन तपासायला लावावी, असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. मुंबईत मी यात आणखी एक रकाना घालायला सांगेन: पाऊस होता का? कोरड्या दिवशी शून्य आणि सर येऊन गेल्यावर शेकडो सीआरसी, असं दोन-तीनदा लिहिलं गेलं, तर चेंबरमधल्या जॉइंटमध्ये पाणी शिरतंय हे वेगळं सांगायला नको.

## लूप: एकेक तुकडा वगळत जाणं

नऊ भागांतला नेमका कोणता बिघडला हे शोधायची खात्रीची पद्धत म्हणजे लूप. पाठवलेला डेटा ठरलेल्या जागेवरून तसाच परत फिरवायचा. परत नीट आला तर त्या जागेपर्यंतचं सगळं ठीक.

आधी आपल्याच मॉडेमवर लूप टाका. बहुतेक मॉडेमवर त्यासाठी बटण किंवा मेनू असतो. राऊटरने ‘लूप्ड’ दाखवलं तर आपला राऊटर, केबल आणि मॉडेमची आपल्याकडची बाजू निर्दोष. मग टेलिकॉम कंपनीला सांगून एक्स्चेंजमधून लूप घ्या, आणि त्यानंतर फोर्टच्या मॉडेमवरून. ज्या टप्प्यावर पहिल्यांदा परत येणं थांबतं किंवा चुका दिसू लागतात, त्या टप्प्याच्या आणि आधीच्या टप्प्याच्या मधोमध बिघाड आहे.

एक खबरदारी. पीपीपी स्वतःचाच आवाज ओळखते. ती प्रत्येक टोकाला एक यादृच्छिक आकडा देते आणि तोच आकडा परत आला तर लाइन उठवत नाही. म्हणून लूपच्या तपासणीपुरती एन्कॅप्सुलेशन एचडीएलसी करावी आणि नंतर आठवणीने पूर्ववत करावी. लूपही आठवणीने काढावा.

## “पिंग जातोय, म्हणजे लाइन बरी आहे ना?”

नाही. पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला छोटे गठ्ठे पाठवून उत्तर येतं का ते बघणारी आज्ञा. साधा पिंग १०० बाइटचे पाच गठ्ठे पाठवतो. पाचही पोहोचले तरी एवढ्याने लाइनची परीक्षा होत नाही. परीक्षा घ्यायची तर १,५०० बाइटचे काही शे गठ्ठे पाठवावेत, आणि त्यात काय भरायचं तेही ठरवावं. लूप टाकलेला असताना पिंग आपल्याच सिरियल पत्त्याला द्यायचा. एचडीएलसीवर तो लाइनवर जाऊन लूपवरून परत येतो.

एकदा सगळे शून्य भरा. ई-१वर लागोपाठ खूप शून्यं आली की संकेतच थांबल्यासारखा होतो. ते टाळण्यासाठी लाइनची एक संकेतपद्धत ठरलेली असते, तिचं नाव एचडीबी-३. दोन टोकांना ती वेगळी लागली असेल तर एरवी बरी चालणारी लाइन शून्यांच्या गठ्ठ्यांवर कोसळते. मग सगळे एक भरून तीच परीक्षा घ्या, आणि शेवटी शून्य-एक आलटून-पालटून. प्रत्येक फेरीनंतर सीआरसी वाढले का ते बघा.

वेळही बोलकी असते. ६४ केबीपीएसच्या लाइनवर १,५०० बाइटचा गठ्ठा नुसता आत ढकलायलाच १८७ मिलिसेकंद लागतात. जाऊन-येऊन पावणेचारशे. त्या लाइनवर ३८० दिसले तर ते आजारपण नव्हे, तिचा तो वेगच आहे. २.०४८ एमबीपीएसच्या लाइनवर हाच गठ्ठा सहा मिलिसेकंदांत आत जातो. तिथे ३८० दिसले तर मात्र चौकशी करायलाच हवी.

## “बँडविड्थचा आकडा वाढवून टाका की”

सिरियल इंटरफेसवर ‘बँडविड्थ’ नावाची आज्ञा असते, आणि तिच्यामुळे लाइनचा वेग वाढतो हा समज पक्का रुजलेला आहे. वेग क्लॉक ठरवतं. ही आज्ञा राऊटरला फक्त एवढंच सांगते की ही लाइन किती वेगाची समजून रस्ता निवड. काहीच सांगितलं नाही तर सिस्कोचा राऊटर तिला १,५४४ केबीपीएसची धरतो. तोच अमेरिकन आकडा.

परिणाम बघा. ओएसपीएफ ही रस्ते निवडायची पद्धत १,००,००० भागिले केबीपीएस असा भाव काढते आणि कमी भावाची वाट घेते. १,५४४ला भाव ६४ येतो, २,०४८ला ४८, आणि ६४ केबीपीएसला १,५६२. समजा दादरहून फोर्टला जायला दोन वाटा आहेत: एक ६४ केबीपीएसची थेट जोडलेली राखीव लाइन (दुसरी वाट बंद पडली तरच वापरायची), दुसरी अंधेरीमार्गे २,०४८च्या दोन लाइनींची. अंधेरीमार्गे भाव ४८ अधिक ४८, म्हणजे ९६. राखीव लाइनवर बँडविड्थ लिहायची राहिली तर राऊटर तिचा भाव ६४ लावतो आणि शाखेची सगळी रहदारी त्या बारीक लाइनवर नेतो. शाखेत तक्रार येते, ‘नेट स्लो आहे’. सगळे इंटरफेस अप असतात, सीआरसी शून्य असतात, आणि दोष एका न लिहिलेल्या ओळीत असतो.

## “बंद करून चालू केलं की होतं, मग एवढं कशाला?”

होतं कधी कधी. पण राऊटर बंद केला की सीआरसीचे आकडे, संकेत किती वेळा गेला त्याची मोजणी आणि मेमरीतला लॉग, सगळं पुसलं जातं. दुखणं गेलेलं नसतं, फक्त त्याचा पुरावा गेलेला असतो. पुढच्या आठवड्यात तेच होतं आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात. रीस्टार्ट करायचाच असेल तर आधी ‘शो इंटरफेसेस’ आणि ‘शो लॉगिंग’ यांचं उत्तर कॉपी करून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि शाखेतल्या कोणत्याही तरुण कर्मचाऱ्याला शिकवता येतं.

## “आता सगळीकडे फायबर आहे, सिरियल कोण वापरतं?”

नवीन जोडण्या इथरनेटवरच होतात, हे खरं. पण बसवलेली यंत्रणा एका दिवसात बदलत नाही. वीज उपकेंद्रांच्या नियंत्रण यंत्रणेत, कारखान्यांत, जुन्या शाखांत सिरियल जोडण्या अजून सापडतात, आणि त्या सांभाळणारी माणसं निवृत्त होत चालली आहेत. शिवाय फायबरवरही प्रश्न तेच राहतात: प्रकाश पोहोचतोय का, दोन्ही टोकांचं बोलणं जुळतंय का, चुका कुठे वाढतायत, आणि लूप कुठून परत येतो. फायबरच्या साध्या कन्व्हर्टरवर नुसता ‘लिंक’चा हिरवा दिवा बघून समाधान मानणारा माणूस पलीकडची फायबर तुटलेली असतानाही फसू शकतो.

## तक्रार नोंदवताना

टेलिकॉम कंपनीला फोन करताना ‘लिंक गेलीय, लवकर बघा’ एवढंच सांगितलं तर तक्रार रांगेत जाते आणि पहिला दिवस कोणाची बाजू याच वादात जातो. त्याऐवजी असं सांगा: सर्किट नंबर अमुक. सकाळी ९.४० पासून इंटरफेस अप, प्रोटोकॉल डाऊन. दादरच्या मॉडेमवर लूप टाकून तपासलं, १,५०० बाइटचे ५०० गठ्ठे चूक न होता परत आले. एक्स्चेंजकडून लूप मिळालेला नाही, तो द्यावा. काल संध्याकाळच्या पावसानंतर कॅरियर ट्रान्झिशन्स ३ वरून ४१ झाले.

एवढं ऐकल्यावर समोरचा माणूस ‘तुमचा राऊटर बघा’ म्हणू शकत नाही. तो एक्स्चेंजमध्ये फोन लावतो.